मुलांच्या किडनीचा हिशेब कोण ठेवणार?

सप्टेंबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातून, मुख्यतः परासिया भागातून, लहान मुलं नागपूरच्या दवाखान्यांत येऊ लागली. सगळ्यांची कहाणी जवळजवळ सारखी. ताप, सर्दी, खोकला, गावातल्या डॉक्टरने दिलेलं औषध, दोन-चार दिवसांत लघवी बंद, मग उलट्या, सूज, बेशुद्धी. सुरुवातीला मेंदूज्वराची शंका घेतली गेली. पाण्याचे, रक्ताचे नमुने तपासायला गेले. किडनीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा संशयाचा रोख जंतूंवरून विषाकडे वळला. ‘कोल्ड्रिफ’ या खोकल्याच्या औषधाच्या एका बॅचमध्ये तामिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेला ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं. औषधात ते ०.१ टक्क्याच्या वर चालत नाही. वीसहून जास्त मुलं दगावली, त्यांतली बरीचशी नागपुरात.

कंपनी, औषध निरीक्षक, लिहून देणारे डॉक्टर, दोन राज्यांतली टोलवाटोलवी यांवर तेव्हा रकानेच्या रकाने भरले. ते योग्यच होतं. पण एक प्रश्न कुणी फारसा विचारला नाही. आदल्या वर्षी याच दिवसांत नागपूर, वर्धा, छिंदवाडा या पट्ट्यात किती मुलांची किडनी अशी अचानक बंद पडली होती? हा आकडा कुणाच्या तोंडी असता, तर तिसऱ्या-चौथ्या मुलालाच कुणीतरी म्हणालं असतं की हे नेहमीचं नाही. गोवर किंवा पोलिओच्या संशयित रुग्णाची खबर वर जाते. मुलाची किडनी निकामी झाली, तर तिची खबर फक्त त्याच्या आईबापाला आणि वॉर्डातल्या डॉक्टरला असते.

असा आकडा ठेवणारा माणूस काय करू शकतो, हे ढाक्याने दाखवलं आहे. तिथले बालकिडनीतज्ज्ञ डॉ. मोहम्मद हनीफ यांच्यापुढे लघवी बंद पडलेली मुलं येत राहिली आणि कारण काही केल्या सापडेना. हनीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी १९९० ते डिसेंबर १९९२ या काळातल्या, सुरुवातीला कारण न कळलेल्या ३३९ मुलांच्या नोंदी मांडल्या. त्यांतली २३६ मुलं गेली होती. धागा मिळाला तो तापाच्या पातळ औषधाचा, म्हणजे घरोघरी दिल्या जाणाऱ्या पॅरासिटामॉलचा. त्यांचे अमेरिकी सहकारी डॉ. मायकेल बेनिश यांनी औषधाचे नमुने चक्क सूटकेसमध्ये लपवून देशाबाहेर नेले आणि मॅसॅच्युसेट्सच्या प्रयोगशाळेत विष सिद्ध झालं. सात ब्रँड त्यात सापडले. डिसेंबर १९९२ मध्ये सरकारने त्या औषधावर बंदी घातली आणि कारण न सापडणाऱ्या किडनीरुग्णांची भरती ८४ टक्क्यांनी घटली. १९९५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हे सगळं छापून आलं.

ही ८४ टक्क्यांची घट मोजता आली, कारण बंदीआधीची संख्या वहीत होती. ती नसती तर ‘आजार कमी झाल्यासारखा वाटतो’ एवढंच म्हणता आलं असतं, आणि त्यावर कुठलंही सरकार कुठल्याही कंपनीला हात लावत नाही. औषध कंपन्यांवरच्या खटल्यांचं पुढे काय झालं? एका कंपनीतल्या तिघांना शिक्षा व्हायला २०१४ साल उजाडलं. मधल्या काळात, २००९ मध्ये, बांगलादेशात हेच विष पुन्हा औषधात सापडलं होतं.

आपल्याकडची यादी काही लहान नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली भेसळीच्या ग्लिसरीनने १४ जणांचा बळी घेतला आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाचा अहवाल आला. १९९८ मध्ये गुरगावच्या ३६ मुलांपैकी ३३ गेली. २०२२ मध्ये आपल्या देशात बनलेल्या औषधांच्या संशयावरून गांबियातल्या सत्तरच्या आसपास मुलांच्या मृत्यूचा विषय जगभर गाजला, आणि तिथेही धोक्याची पहिली घंटा वाजवली ती एका किडनीतज्ज्ञानेच. बहुतेक वेळा तेच: औषधात वापरायचं महाग प्रॉपिलीन ग्लायकॉल टाळून स्वस्तातलं रसायन येतं, किंवा आलेल्या मालाची तपासणीच होत नाही, आणि किंमत मोजते ती पाच वर्षांच्या आतली किडनी.

पण विषबाधा हा अपवाद. मुलांच्या किडनीच्या डॉक्टरचं आयुष्य जातं ते वेगळ्याच आजारांत, आणि त्यातला सर्वांत ओळखीचा नेफ्रॉटिक सिंड्रोम. तीन-चार वर्षांचं पोर सकाळी उठतं तेव्हा डोळे सुजलेले असतात. आधी वाटतं किडा चावला, मग ॲलर्जी. संध्याकाळी सूज पायांवर उतरते, आठवड्याभरात पोट फुगतं, चड्डीचं इलॅस्टिक कमरेत रुतायला लागतं. किडनीची चाळणी ढिली पडून रक्तातलं प्रथिन लघवीवाटे वाहून जात असतं. दहापैकी आठ-नऊ मुलांना स्टेरॉइडने उतार पडतो आणि सूज अशी ओसरते की आईबापांना आजार संपला असं वाटतं. तो संपलेला नसतो. सर्दीचं निमित्त होतं आणि निम्म्याहून जास्त मुलांमध्ये आजार परत उलटतो. कित्येकांना हे चक्र वयात येईपर्यंत पुरतं.

म्हणून या आजारात खरा दवाखाना चालतो तो स्वयंपाकघरात. सकाळची पहिली लघवी काचेच्या नळीत दोन-तृतीयांश भरायची, नळी वरच्या टोकाशी आचेवर धरायची. गढूळ झाली तर व्हिनेगरचे दोन-चार थेंब टाकायचे. गढूळपणा विरला तर चिंता नाही. पांढरा साका तसाच राहिला तर प्रथिन आहे, आणि साका जितका दाट तितकी वहीत अधिकची (+) चिन्हं जास्त. सलग तीन दिवस तीन किंवा चार अधिक आले की आजार उलटला, सलग तीन दिवस काही नाही की उतार पडला. या साध्या व्याख्येवर जगभरचे बालकिडनीतज्ज्ञ औषधाचा डोस ठरवतात. चौथी शिकलेली आई ही परीक्षा बिनचूक करते. नीट भरलेली अशी एक वही डॉक्टरला महागड्या तपासण्यांच्या फाइलीपेक्षा जास्त सांगते. शंभर मुलांच्या अशा वह्या एकत्र आल्या की त्याला संशोधन म्हणतात.

भारतात हे काम उभं राहिलं ते दिल्लीच्या एम्समध्ये. डॉ. आर. एन. श्रीवास्तव यांनी तिथे मुलांच्या किडनीचा विभाग घडवला आणि त्यांच्यानंतर डॉ. अरविंद बग्गा यांनी अख्खी कारकीर्द त्याच एका प्रश्नाच्या मागे लावली. बग्गांचं नाव वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आणि सावंगी इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या होस्टेलच्या प्रत्येक खोलीत असतं, कारण घईंच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बालरोगशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाचे ते एक संपादक. पण त्यांच्या गटाचं खरं काम त्या पुस्तकाबाहेर पाहावं.

स्टेरॉइड किती दिवस द्यायचं, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. पण त्या औषधाने पोरांचे गाल फुगतात, भूक वाढते, रात्रीची झोप उडते, आणि वर्षानुवर्षं घेतलं तर उंची खुंटते. जास्त दिवस दिलं की आजार कमी वेळा उलटतो, असा समज डॉक्टरांमध्ये रुजला होता. देशातल्या पाच केंद्रांनी मिळून १८१ मुलांवर चाचणी घेतली. निम्म्यांना तीन महिने औषध आणि पुढचे तीन महिने तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, निम्म्यांना सहाही महिने औषध. २०१५ मध्ये निकाल आला: जास्त दिवस देऊन विशेष काही पदरात पडत नाही. त्याच सुमारास जपान आणि नेदरलँड्सच्या चाचण्यांनीही तेच सांगितलं. या निकालाचा अर्थ असा की देशभरातल्या हजारो मुलांच्या वाट्याचं तीन महिन्यांचं स्टेरॉइड वाचलं. वर्तमानपत्रात याची चार ओळींची बातमीसुद्धा झाली नाही.

दुसरं उदाहरण याहून बोलकं. वारंवार उलटणाऱ्या आजारात मायकोफेनोलेट हे महाग औषध चांगलं की लेव्हामिझोल? हे लेव्हामिझोल म्हणजे शेळ्या-मेंढ्यांना जंतांसाठी पाजतात तेच. १४९ मुलांवरच्या चाचणीत महाग औषध वरचढ ठरलं नाही. औषध कंपन्या असले प्रश्न स्वतःहून विचारत नाहीत. जंताच्या गोळीवर पैसे लावून कुणाचा फायदा व्हायचा?

तिसरं उदाहरण सांगतं की पाश्चात्त्य पुस्तकावर विसंबून चालत नाही. हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम या घातक आजारात रक्तपेशी फुटतात आणि किडनी बंद पडते. युरोपातल्या मुलांत या आजाराच्या ‘अनियमित’ प्रकारातल्या दहातल्या एखाद्या रुग्णात त्यामागे ‘फॅक्टर एच’ या प्रथिनाविरोधातल्या एका विशिष्ट प्रतिपिंडाचा हात सापडतो. भारतातल्या मुलांमध्ये तो याच प्रकारातल्या निम्म्याहून जास्त रुग्णांत सापडला. लवकर ओळखलं तर प्लाझ्मा बदलून आणि प्रतिकारशक्ती दाबणारी नेहमीची औषधं देऊन ही मुलं सावरतात. जगातल्या सर्वांत महागड्या औषधांपैकी एकाची वाट बघत बसावं लागत नाही. नाव तेच, पण आजार वेगळा. तो शोधायला इथलंच रक्त तपासावं लागलं.

आता वर्ध्याकडे येऊ. या जिल्ह्याच्या किडनीचे प्रश्न दिल्लीचे नाहीत. इथे सिकलसेल आहे. या मुलांच्या किडनीला लहानपणीच लघवी घट्ट करता येईनाशी होते. पोरगं वर्गातून सारखं बाहेर जायला मागतं, मास्तर ओरडतात, पाचवी-सहावीत गेल्यावरही अंथरूण ओलं होतं आणि घरात मार मिळतो. मे महिन्यात वर्ध्यात पारा ४५च्या पुढे जातो तेव्हा हेच मूल इतरांच्या आधी शुष्क पडतं आणि सिकलचं दुखणं उसळतं. पुढे काहींच्या लघवीत प्रथिन दिसू लागतं, आणि विशी-तिशीत डायलिसिसपर्यंत वेळ येते. इथे पावसाळ्यात अंगावरच्या चिघळलेल्या फोडांनंतर तीन-चार आठवड्यांनी कोऱ्या चहाच्या रंगाची लघवी करणारी मुलं येतात. बहुतेक बरी होतात, काहींचा रक्तदाब मेंदूपर्यंत जातो. शेतात घोणस चावलेल्या पोराची किडनी बंद पडते, आणि ती परत सुरू होईल की नाही हे प्रतिविष किती तासांत टोचलं यावर ठरतं. कापसाच्या पट्ट्यात कीटकनाशकांची फवारणी चालते, तिचा किडनीशी काय संबंध हेही पाहायला हवं. या सगळ्याची एकत्र मांडणी करणारा माणूस दिल्लीत बसून मिळणार नाही.

आणि जमीन तर तयारच आहे. डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, सेवाग्रामला देशातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय काढलं. तिथे पहिल्या वर्षाचे विद्यार्थी एका गावात मुक्कामाला जातात, बॅच गाव दत्तक घेते, प्रत्येकाकडे काही कुटुंबं येतात. पदव्युत्तर प्रवेशाआधी खेड्यातली दोन वर्षांची सेवा ही तिथली जुनी अट होती. याच कॉलेजच्या डॉ. उल्हास जाजूंनी आसपासच्या गावांत ज्वारीच्या बदल्यात आरोग्यविमा उभारला. सुगीत ज्याची जमीन जास्त त्याने जास्त ज्वारी घालायची, आणि वर्षभर दवाखान्याची चिंता करायची नाही. विमा कंपन्यांच्या तक्त्यांत न बसणारी ही योजना गावांनी टिकवली. पंधरा-वीस वर्षं एकाच गावातल्या एकाच मुलाला पाहत राहणं हे किडनीच्या संशोधनाचं निम्मं काम असतं, आणि ती सोय इथे आधीपासून आहे.

याच मातीतला माणूस पुढे गडचिरोलीला गेला आणि त्याने पद्धत दाखवून दिली. १९५० साली वर्ध्यात जन्मलेले डॉ. अभय बंग सेवाग्रामच्या वातावरणात वाढले. सुरुवातीला त्यांनी वर्ध्याजवळच्या कान्हापुरात काम केलं, मग १९८६ पासून पत्नी डॉ. राणी बंगांसोबत गडचिरोलीत. त्यांनी आधी जन्म-मृत्यू मोजले. मुलं कशाने जातात हे कळल्यावर न्यूमोनियाचं निदान गावातल्या दाईच्या हाती दिलं. त्यासाठी वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं एक साधं साधन होतं: श्वास मोजायचे, मणी सरकवायचे, मर्यादेबाहेर गेले तर औषध. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निकाल आले, १९९९ मध्ये घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचे. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आले होते. आशा कार्यकर्तीच्या प्रशिक्षणात आज हे सारं आहे. मग विचारावंसं वाटतं की लघवीची ती काचेची नळी आशाताईच्या पिशवीत का नाही?

कारण आपल्याकडे किडनी म्हटलं की डायलिसिस. २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात जिल्ह्या-जिल्ह्यांत यंत्रं बसली. फीत कापायला यंत्र लागतं, हे मान्य. पण त्यातली बहुतेक यंत्रं प्रौढांसाठी. दहा किलोच्या मुलाला लागणारी नळी वेगळी, हिशेब वेगळा, आणि अशा मुलाला अनेकदा पोटातून, यंत्राशिवाय करायचं डायलिसिस जास्त सोयीचं, जे तालुक्याच्या दवाखान्यातही शिकवता येतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना दाखल झालेल्या रुग्णाचं पॅकेज देते. नेफ्रॉटिकच्या मुलाचा खर्च दाखल होण्यात कमी आणि दर महिन्याच्या खेपेत, बसच्या तिकिटात, बुडलेल्या मजुरीत जास्त. मुलांच्या तपासणीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीस दोष-आजारांची यादी आहे, त्यात दात आहेत, कान आहेत, हृदय आहे. किडनी नाही.

दुसरं कारण वैद्यकीय महाविद्यालयांतच आहे. बढतीसाठी निबंध लागतात, म्हणून निबंध लिहिले जातात. एका वर्षाचे चाळीस रुग्ण, चार तक्ते, ‘आणखी संशोधनाची गरज आहे’ हे शेवटचं वाक्य, की विषय संपला. पुढच्या वर्षी वेगळा विषय. बदली झाली की जुन्या फायली कपाटात. मुलांच्या किडनीतल्या अतिविशेष पदवीच्या जागा देशात मोजक्या, आणि ती मिळवलेला तरुण डॉक्टर पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात जातो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. वर्ध्यात त्याच्यासाठी पद, दहा वर्षांची हमी आणि नोंदी ठेवणारा एक माणूस, यांपैकी काय ठेवलं आहे आपण?

दहा वर्षं हा आकडा उगाच नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ऐंशीच्या दशकात मुलांच्या यकृताचा एक जीवघेणा आजार धरला. इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस, एकाच घरातली भावंडं एकामागून एक घेऊन जाणारा. ब्रिटनच्या स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत त्यांनी आजारी आणि धडधाकट मुलांच्या आयांना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला: बाळाला दूध कशातून दिलं? पुरावे बोट दाखवू लागले ते कल्हई नसलेल्या पितळी-तांब्याच्या भांड्याकडे. भांडी बदलली, तांबं शरीराबाहेर काढणारं औषध आलं, आणि आजच्या निवासी डॉक्टरला हा आजार पाठ्यपुस्तकातच भेटतो. यासाठी कुठलंही अजस्र यंत्र लागलं नव्हतं. एका प्रश्नाशी वर्षानुवर्षं चिकटून राहण्याची परवानगी लागली होती, आणि ती त्या संस्थेने दिली.

यावर कुणी जपानचा दाखला देईल. तिथे १९७४ पासून शाळकरी मुलांची लघवी दरवर्षी तपासतात. पण अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००७ मध्ये सरसकट लघवी तपासणीची शिफारस सोडून दिली, कारण हाती लागणारं थोडं आणि विनाकारण घाबरणारे आईबाप जास्त. वर्ध्यातल्या प्रत्येक शाळेत बाटल्या वाटत फिरणं शहाणपणाचं होणार नाही. जिथे धोका जास्त आहे तिथून सुरुवात करावी, आणि तो कुठे आहे हे ठाऊक आहे.

सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये सुरू झालं. रक्त तपासून कार्डं वाटली जात आहेत, म्हणजे मुलांची नावं, गावं, वयं सरकारदरबारी येत आहेत. सिकलच्या मुलांमध्ये दहाव्या वर्षापासून लघवीतलं प्रथिन दरवर्षी तपासावं, असं अमेरिकेतल्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. वर्धा जिल्ह्याच्या नोंदवहीत त्यासाठी एक रकाना वाढवायला ना नवा कायदा लागतो, ना नवी इमारत. तो रकाना दरवर्षी भरला जातो की नाही हे पाहणारा, आणि पाच वर्षांनी त्यातून काय दिसतं ते मांडणारा एक पूर्णवेळ बालकिडनीतज्ज्ञ मात्र लागेल. जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत त्याच्या पगाराची तरतूद कोण मांडतो, ते पाहायला हवं.